तिसऱ्या माडामागे विझलेला अग्निगोल

यंदा शिमग्याला माहेरी गेले होते. गुहागर तालुक्यातले आमचे गाव डोंगरउतारावर वसलेले आहे. वरची वाडी सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठाराच्या, कडेला, खालची वाडी समुद्राच्या अंगाला आणि दोन्हींना जोडणारी जांभ्या चिऱ्यांची पाखाडी मधून वळणे घेत उतरते. होळी होऊन चार दिवस झाले होते, पालखी खालच्या वाडीच्या सहाणेवर, म्हणजे ती दर्शनाला ठेवतात त्या जागी, होती आणि त्या दिवशी संकष्टी असल्यामुळे आप्पाकाकांचा उपास चंद्रोदयाशिवाय सुटणार नव्हता. दिनदर्शिकेतली चंद्रोदयाची वेळ सव्वानऊच्या पुढची होती. ‘तोवर घरात बसून भाकरीचा वास घेण्यापेक्षा पालखीकडे जाऊन येऊ’ असे म्हणून काका काठी घेऊन निघाले आणि मी बॅटरी घेऊन त्यांच्यामागे निघाले.

पाखाडी एका ठिकाणी उत्तरेकडे वळते आणि तेथे समुद्र डाव्या हाताला येतो. त्या वळणावर कमरेएवढा पडका गडगा, म्हणजे दगडी बांध, आहे. काका दम खाण्यासाठी त्यावर टेकले, तोंड समुद्राकडे. मी चार पावले मागे होते आणि माझी नजर पायांखाली होती, कारण त्या उतारावरचे दोन-तीन चिरे पाय पडताच डुगडुगतात. चंद्र उगवायचा होता, आकाश स्वच्छ होते, अंधार दाट होता. बॅटरीचा पिवळा गोल पायरीवर पडलेला होता तो एकाएकी फिका झाला, आणि माझ्या उजव्या अंगाला माझी स्वतःची सावली उभी राहिली. तिच्यापलीकडे काजूच्या झाडाची सावली पडली होती, पाने मोजता येतील इतकी रेखीव. दोन्ही सावल्या स्थिर नव्हत्या. घड्याळाचा काटा फिरावा तशा त्या जमिनीवरून सरकत होत्या. गाडीचा दिवा असावा असे क्षणभर वाटले, पण आमच्या पाखाडीवर गाडी येऊच शकत नाही, हे मनात येईपर्यंत मान आपोआप डावीकडे वळली होती.

समुद्रावर, आकाशाच्या खालच्या अर्ध्या भागात, एक हिरवट पांढरा गोळा डावीकडून उजवीकडे तिरका उतरत होता. लहानपणी लग्नघरात गॅसबत्ती पेटवताना तिची जाळी प्रथम भगभगते आणि मग डोळ्यांना सहन न होणारा पांढरा उजेड देते, त्या उजेडाशी त्याचे साम्य होते. मागे आखूड, निमुळती शेपूट होती. मी पाहू लागल्यावर लगेच तो एकदा फुटला, म्हणजे उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटला आणि एकाचे तीन झाले. पुढचा तुकडा मोठा, मागचे दोन निखाऱ्यासारखे तांबडे. ते एका दोरीत ओवल्यासारखे एकामागोमाग जात राहिले, मागचे दोन आधी विझले, पुढचा नारिंगी होत होत समुद्राच्या क्षितिजापासून थोडा वर असतानाच नाहीसा झाला. या सगळ्यात आवाज म्हणून काहीही नव्हते. खालून ढोलाचा ठेका येत होता तो तसाच चालू राहिला, एका टिपरीचाही फरक न पडता, आणि मला आजही आठवते ती ही गोष्ट, की डोक्यावर एवढे घडत असताना खाली त्याचा पत्ताच नव्हता.

‘पडला! बाय, तो काय, तिसऱ्या माडाच्या मागं पडला,’ काका म्हणाले.

मोबाइलवर वेळ पाहिली: ८ वाजून ५२ मिनिटे. ही एक गोष्ट त्या रात्री मी शहाणपणाने केली. बाकीच्या चुकाच होत्या. किती सेकंद गेले ते मी मोजले नाही, कोणत्या दिशेला विझला ते कशाशीही ताडून ठेवले नाही, आणि पुढचे दोन महिने ज्या आवाजाबद्दल मी लोकांना विचारत राहिले त्याची वाट पाहण्यासाठी दहा मिनिटे तेथे बसावे, हेही मला सुचले नाही. उलट, कोणाला तरी सांगावे म्हणून आम्ही घाईने सहाणेकडे उतरलो.

सहाणेवर दिव्यांच्या माळा होत्या, त्यामुळे तिथल्या दीडदोनशे माणसांपैकी कोणालाही धड काही दिसले नव्हते. एका मुलाला कोणी तरी फ्लॅश मारून फोटो काढला असे वाटले होते. एका आजींनी ‘तारा तुटला म्हणजे कोणी तरी मोठा माणूस गेला’ असे सांगून हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर गेले तेव्हा मात्र रात्री समुद्रात असलेल्या एका होडीवरच्या खलाशांनी सगळे पाहिले होते, आणि त्यांचा हिशेब पक्का होता: वीस वाव पाण्यात पडला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. वीस वाव म्हणजे सुमारे ३६ मीटर खोली. त्यांच्या हिशेबाने तो आमच्या किनाऱ्यासमोरच, रोज जाळी टाकतात तेथे पडला. सड्यावरच्या एका गुराख्याने तो शेजारच्या गावाच्या डोंगराच्या टोकामागे पडल्याचे सांगितले. म्हणजे तीन साक्षीदार आणि तिघांच्याही मते तो जवळच पडला, प्रत्येकाच्या आपापल्या जवळ.

हे खोटे बोलणे नव्हे, आणि त्यात गावंढळपणाही काही नाही. काळ्या आकाशात एकट्या पेटलेल्या वस्तूचे अंतर ओळखण्याचे कोणतेही साधन डोळ्याजवळ नसते. आपल्या दोन डोळ्यांतल्या अंतराचा उपयोग काही मीटरपर्यंतच्या वस्तूंसाठी होतो आणि त्यापुढे आपण झाडे, घरे, होड्या यांच्या ओळखीच्या आकारांवरून अंदाज बांधतो. आकाशातल्या उजेडाला ओळखीचा आकार नसतो. मग डोळा त्याला शेवटच्या ओळखीच्या वस्तूपाशी नेऊन ठेवतो: माड, होडी, डोंगराचे टोक. उल्कांचा अभ्यास करणाऱ्यांना हे फार जुन्या काळापासून माहीत आहे, आणि म्हणून ते साक्षीदाराला ‘किती लांब’ हे कधी विचारीत नाहीत. ते विचारतात, ‘कोणत्या दिशेला आणि किती उंच’.

शब्दांबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. आकाशात क्षणभर चमकून जाते ती उल्का. तीच शुक्रापेक्षाही तेजस्वी असेल, म्हणजे तिची प्रत (तेजाचे माप; उणे आकडा जितका मोठा तितके तेज जास्त) उणे चारच्या पलीकडे गेली असेल, तर तिला अग्निगोल म्हणतात. जो तुकडा जळून उरतो आणि जमिनीवर येतो तो अशनी. हा शब्द आपल्याकडे किती जुना आहे याचे मला नेहमी अप्रूप वाटते. सहाव्या शतकात वराहमिहिराने उल्कांचे धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार केले, आणि त्यांतला मोठा आवाज करीत जमिनीवर येऊन आदळतो तो अशनी, असे सांगितले. आम्ही पाहिलेला अग्निगोल झाडाची सावली पाडीत होता, त्यामुळे तो शुक्राच्या फार पुढे होता. पौर्णिमेच्या चंद्राची प्रत उणे पावणेतेरा आहे आणि फुटण्याच्या क्षणी तो तिच्या आसपास गेला असावा.

आता सावलीकडे येते, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे सुचले.

पुण्याला परतल्यावर चेलियाबिन्स्कबद्दल वाचत होते. रशियातल्या या शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी सुमारे वीस मीटर व्यासाचा दगड सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने आला आणि जमिनीपासून सुमारे तीस किलोमीटर उंचीवर फुटला. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, त्यांतली बहुसंख्य काचांमुळे. झगमगाट पाहून लोक खिडक्यांशी जाऊन उभे राहिले आणि हवेचा धक्का दोन-अडीच मिनिटांनी पोहोचला, तेव्हा तावदाने त्यांच्या अंगावर आली. त्या दगडाचा मार्ग काढताना अभ्यासकांनी एक साधी युक्ती वापरली होती: शहरातल्या चौकावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रफितीत दिव्यांच्या खांबांच्या सावल्या सरकताना दिसत होत्या, त्या त्यांनी मोजल्या. खांबाची उंची आणि सावलीची लांबी कळली की उजेड किती उंचीवर होता ते कळते, आणि सावली कोणीकडे पडली यावरून दिशा कळते. हे वाचले आणि मी लगेच भावाला फोन केला, कारण आमच्या देवळाच्या आवारात दोन वर्षांपूर्वी कॅमेरा बसवलेला आहे. दानपेटीवर लक्ष ठेवण्यासाठी बसवलेला तो कॅमेरा नीट न लावल्यामुळे पेटीऐवजी दीपमाळच जास्त दाखवतो, यावरून ग्रामस्थांच्या बैठकीत दोनदा वाद झाला आहे. मी त्या वादात ‘कॅमेरा फिरवा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने होते. नशीब, कोणी ऐकले नाही.

पालखी सहाणेवर असल्यामुळे देवळात त्या रात्री सामसूम होती. चित्रफीत काळीपांढरी आहे. तिच्यातल्या घड्याळात ९ वाजून ३ मिनिटे झाली आहेत, म्हणजे ते अकरा मिनिटे पुढे आहे. आवार करडे, दीपमाळ त्याहून थोडी उजळ, एक मांजर पायरीवर बसलेले. मग दीपमाळेच्या बुंध्यापासून एक फिकट पट्टा ईशान्येकडे निघतो, गडद होत जातो, पूर्वेकडे वळत लांबत जातो. मांजर मान वर करते. पट्टा तुळशीवृंदावनाच्या जोत्याला टेकतो त्याच क्षणी सारे आवार पांढरे होते, आणि मग सावली वृंदावन ओलांडून पुढे जात अंधारात विरून जाते. पहिल्या पट्ट्यापासून शेवटच्यापर्यंत सात सेकंद. मी ती चित्रफीत निदान चाळीस वेळा पाहिली असेल, आणि त्यातल्या निम्म्या वेळा मांजरासाठी.

भावाने दीपमाळेची उंची दोरी सोडून मोजली: बारा फूट. तिच्यापासून वृंदावनाचे जोते तीस फुटांवर आहे. बारा फुटांच्या वस्तूची सावली तीस फूट पडते तेव्हा उजेड क्षितिजापासून सुमारे २२ अंशांवर असतो. वृंदावन दीपमाळेच्या पूर्वेला, किंचित ईशान्येकडे झुकलेले आहे. म्हणजे फुटण्याच्या क्षणी अग्निगोल पश्चिमेला, किंचित नैर्ऋत्येकडे होता. पाखाडीवर उभे राहून मी जे पाहिले ते याच्याशी जुळते. अंश म्हटले की पुष्कळांना भीती वाटते म्हणून सांगते: हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी सुमारे दहा अंश भरते आणि पसरलेली वीत सुमारे वीस अंश. फुटला तो दोन मुठींहून थोडा वर फुटला.

मात्र एका ठिकाणाहून मिळते ती दिशा. अंतर मिळत नाही. अंतरासाठी दुसरा डोळा हवा, आणि तो शक्य तितका लांब हवा. गटिंगेन येथील ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग या दोन विद्यार्थ्यांनी १७९८ साली हेच केले होते. काही किलोमीटर अंतरावर दोघे वेगवेगळे उभे राहून त्यांनी एकाच उल्केची जागा ताऱ्यांमध्ये नोंदवली, मग दोन्ही नोंदींतला फरक घेऊन त्रिकोण सोडवला आणि उल्का जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटर वर पेटतात हे प्रथम दाखवून दिले. त्याआधीच्या काळात उल्का म्हणजे ढगांतल्याच विजेसारखे काही तरी, असे अनेक विद्वान मानीत.

माझा दुसरा डोळा म्हणजे माझी मावसबहीण. ती मालवणात दिली आहे, आणि त्या रात्री ८ वाजून ५५ मिनिटांनी तिचा संदेश आलेला होता: ‘समुद्रावर मोठा तारा तुटला, तुला दिसला काय?’ सहाणेवरच्या गोंगाटात तो मी दुसऱ्या दिवशी वाचला. ती गच्चीवर वाळत टाकलेले कपडे काढत होती. तिच्या सांगण्याप्रमाणे तो सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बराच उजवीकडे, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्याला लागून विझला. तिला मी ‘किती लांब’ हे मुळीच विचारले नाही. ‘पुन्हा त्याच जागी उभी राहा, टाकीच्या कोपऱ्याकडे मोबाइलचे होकायंत्र धर आणि आकडा सांग’ एवढेच सांगितले. आकडा आला ३१० अंश, म्हणजे वायव्य. उंची? ‘अर्धी मूठ, थोडी जास्त.’

आता काकांचा तिसरा माड कामाला आला. मी मान वळवली तेव्हा पहिले दोन सेकंद निघून गेले होते, पण काका बसलेलेच समुद्राकडे तोंड करून होते आणि त्यांनी तो सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाहिला होता. व्याध आणि अगस्त्य या ताऱ्यांच्या मधून, थोडा उजवीकडून तो निघाला असे त्यांनी सांगितले. ते शेतकरी आहेत, मृग आणि व्याध त्यांना पेरणीच्या हिशेबाने पाठ आहेत. आणि विझला तो खालच्या बागेतल्या तिसऱ्या माडाच्या शेंड्यामागे. ‘माडाच्या मागे पडला’ हे वाक्य मी त्या रात्री हसून सोडून दिले होते, कारण तो माड गडग्यापासून जेमतेम दोनशे पावलांवर आहे. पण अंतर बाजूला ठेवून फक्त दिशा घेतली तर त्या वाक्यासारखी नेमकी साक्ष दुसऱ्या कोणाचीच नव्हती. आठ दिवसांनी मी खास त्यासाठी गावी गेले. काकांना गडग्यावर त्याच चिऱ्यावर बसवले, मोबाइल त्यांच्या डोळ्यांशी धरला: माडाचा शेंडा २७५ अंशांवर, क्षितिजापासून एक मूठ वर. काकांनी तेवढ्यात बसल्या जागी चुन्याने खूण केली आणि पुढे कोणी विचारले तर पंचाईत नको म्हणून शेजारी एक चिराही उभा रोवला.

नकाशावर गुहागरहून २७५ अंशांची रेघ काढली, मालवणहून ३१० अंशांची. दोन्ही रेघा अरबी समुद्रात आमच्या किनाऱ्यापासून सुमारे १८५ किलोमीटरवर एकमेकींना छेदतात. होकायंत्राची आणि आठवणीची चूक धरून वीस-तीस किलोमीटर इकडे किंवा तिकडे म्हणा. एवढ्या लांबवर असलेली वस्तू एक मूठ वर दिसते, म्हणजे ती समुद्रापासून सुमारे पस्तीस किलोमीटर उंच होती. मालवणहून ते अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या जवळपास भरते आणि तेथून ती उंची सहा अंशांची, म्हणजे अर्ध्या मुठीहून थोडी जास्त दिसायला हवी. बहिणीने नेमके तेच सांगितले होते. हा मेळ बसला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि घरातले सगळे झोपले होते, त्यामुळे तो आनंद सांगायला कोणी नव्हते.

म्हणजे काकांचा तारा माडामागे पडला नाही. तो सर्वांत खालच्या टप्प्यालाही मुंबईहून निघणाऱ्या विमानांच्या तिप्पट उंचीवर होता. विझला याचा अर्थ पडला असा नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. वातावरणात शिरताना अशा दगडांचा वेग सेकंदाला ११ पासून ७२ किलोमीटरपर्यंत असतो. घर्षणाने पेट घेतो असे शाळेत शिकवतात, पण मुख्य काम घर्षणाचे नसते. पुढची हवा बाजूला सरायला वेळच मिळत नाही, ती दाबली जाते आणि दाबल्यामुळे तापते, जसे सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या मारला तर बोट भाजते. त्या तापलेल्या हवेत दगडाचा पृष्ठभाग वितळून उडत राहतो. हिरवट रंग बहुधा दगडातल्या मॅग्नेशियमचा, नारिंगी पिवळा सोडियमचा. वेग सेकंदाला तीनेक किलोमीटरच्या खाली आला की उजेड संपतो, आणि जे काही उरले असेल ते पुढची काही मिनिटे अंधारात, एखाद्या साध्या दगडासारखे खाली येते. त्या वेळात ते वरच्या थंड हवेतून पडत असल्यामुळे अशनी जमिनीवर लालबुंद, धगधगता पडतो ही समजूत खरी नाही. आमच्या अग्निगोलाचे काही उरले असेल तर ते अरबी समुद्राच्या तळाशी गेले.

वेगाचाही हिशेब झाला. काकांनी सांगितलेली सुरुवातीची जागा नव्वद किलोमीटर उंचीवर धरली तर त्याने सुमारे दीडशे किलोमीटरचा मार्ग कापला. देवळातली चित्रफीत सात सेकंद सांगते. म्हणजे सेकंदाला एकवीस-बावीस किलोमीटर. उल्कांच्या मानाने हा सावकाश आणि संध्याकाळच्या आकाशाला शोभणारा वेग आहे. पावसात धावणाऱ्या एसटीच्या पुढच्या काचेवर थेंब सपासप बसतात आणि मागच्या काचेवर थोडेच, तेही हळू. पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावते. पहाटे आपण तिच्या पुढच्या काचेशी असतो आणि संध्याकाळी मागच्या. मागून येणाऱ्या दगडाला पृथ्वीला गाठावे लागते, म्हणून तो सावकाश दिसतो, आणि म्हणूनच मान वळवायला मला दोन सेकंद मिळाले. सिंह राशीतून येणाऱ्या नोव्हेंबरच्या उल्का सेकंदाला सत्तर किलोमीटरच्या पुढे असतात. त्यांतली एखादी असती तर मला सावलीच तेवढी दिसली असती.

काकांचा प्रश्न वेगळा होता: ‘केवढा होता तो?’ एवढा उजेड म्हणजे निदान डोंगराचा कडा असणार, असा त्यांचा समज. या वेगाने आलेला मोठ्या फणसाएवढा दगडही असा उजेड पाडायला पुरेसा होतो, हे त्यांना अजून पटलेले नाही. ‘मग लोणार?’ लोणारचे विवर १.८ किलोमीटर रुंद आहे आणि बसाल्टच्या कातळात सुमारे पावणेसहा लाख वर्षांपूर्वी पडलेले आहे; तेथे आला होता तो फणस नव्हता. आपल्या राज्यात अलीकडे प्रत्यक्ष हाती लागलेल्या अशनींसाठी काटोलकडे पाहावे लागते. नागपूर जिल्ह्यातल्या त्या परिसरात २२ मे २०१२ रोजी भर दुपारी दगड पडले, आणि त्यांत पृथ्वीच्या पोटात खोलवर असणारे ब्रिजमनाइट हे खनिज पुढे संशोधकांना सापडले. भारतात सापडणारे अशनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे द्यायचे असतात. काकांना हे सांगितले तेव्हा ‘म्हणजे सापडला असता तरी आपला नव्हताच’ असे म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

बहिणीला मात्र वेगळीच शंका होती, ‘पुन्हा ते चीनचे रॉकेट तर नसेल?’ शंका रास्त होती. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आकाशात जळत जाणाऱ्या ठिणग्यांची रांग दिसली होती. तो चीनच्या लाँग मार्च ३बी प्रक्षेपकाचा टप्पा होता आणि त्याचे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात पडले. पण कक्षेतून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतच असतो. ती आडवी, रेंगाळत जाते, मोबाइल काढून चित्रीकरण करायला लोकांना वेळ मिळतो, तुकडे समांतर चालत राहतात. सात सेकंदांत दीडशे किलोमीटर जाणारी वस्तू माणसाने वर पाठवलेली नसते.

राहिला आवाज. हवेत आवाजाला एक किलोमीटर जायला तीन सेकंद लागतात. आमच्यापर्यंत यायला त्याला नऊ मिनिटांहून अधिक वेळ लागला असता, आणि एवढ्या अंतरावर तो बहुधा ऐकूही येत नाही. तरी अग्निगोल पन्नास किलोमीटरच्या खाली उतरला होता, म्हणजे गडगडाट होण्याजोगी उंची होती. पण ९ वाजून २ मिनिटांनी आम्ही सहाणेवर होतो आणि समोर चार ढोल वाजत होते. होडीवरच्या खलाशांपैकी एकाने ‘दिसला तेव्हाच सूंऽ असा आवाज झाला’ असे शपथेवर सांगितले. अशी साक्ष नवी नाही. १७१९ साली इंग्लंडवरून गेलेल्या मोठ्या अग्निगोलाच्या साक्षी खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले यांनी गोळा केल्या तेव्हाही लोकांनी असेच सांगितले होते, आणि हॅले यांनी ते मनाचे खेळ ठरवले. अलीकडे काही अभ्यासकांनी, तीव्र आणि लुकलुकता उजेड पाने किंवा केस यांसारख्या हलक्या वस्तूंना तापवून हवेत बारीक आवाज उठवू शकतो, असे प्रयोगांनी दाखवले आहे. खलाशाला मी हे सांगितले. त्याने जाळ्याची गाठ मारता मारता मान हलवली आणि म्हणाला, ‘मी काय सांगत होतो?’

आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर अशा दर्शनाचा अर्ज भरता येतो. कोठे उभे होता, कोणत्या दिशेला दिसला, कोठून निघाला, कोठे विझला, किती सेकंद, रंग, तुकडे, आवाज, एवढेच त्यात विचारतात. ‘कोठे पडला’ असा रकाना मला त्यात आढळला नाही. मी तीन अर्ज भरले: माझा, बहिणीचा आणि काकांचा. काकांच्या अर्जात दिशेच्या जागी २७५ लिहिले.

गणपतीला पुन्हा गेले तेव्हा पावसाने चुना धुऊन नेला होता आणि खुणेसाठी रोवलेला चिरा जागेवर नव्हता. गोठ्याची भिंत खचली म्हणून काकांनीच तो उचलून तेथे बसवला होता. मी जरा चिडले. काका गडग्यावर जाऊन बसले, शेवाळावरून हात फिरवून त्यांनी जागा चाचपली, काठी उचलली आणि समुद्राकडे धरली. मी काठीच्या टोकाला मोबाइल लावून पाहिले: २७६.

‘पण पडला तो तिथंच,’ काका म्हणाले, ‘माडाच्या मागं.’